प्लग बदलले आणि चेक इंजिन लागला: खिशातला स्कॅनर, ओळखीचं गॅरेज की कंपनीचं सर्व्हिस सेंटर?

डिझेलवाल्यांनी हे वाचलं नाही तरी चालेल, त्यांच्या इंजिनात स्पार्क प्लगच नसतो. हे सीएनजीवर छोटा ट्रक चालवणाऱ्यांसाठी आहे. छोटा हत्ती असो, सुपर कॅरी असो, पहाटे माल उतरवायचा आणि दुपारी सीएनजीच्या रांगेत जेवणाचा डबा उघडायचा, असं ज्यांचं चाललंय त्यांच्यासाठी.

नवीन प्लग टाकल्यावर मीटरवर पिवळं इंजिन पेटलं की माणूस दोनपैकी एक करतो. एक तर "आत्ताच काम केलंय, जाईल आपोआप" म्हणून गाडी पळवत राहतो, नाहीतर घाबरून सगळ्यात महागड्या दारात नेऊन उभी करतो. मी दोन्ही करून बसलोय.

कुठे जायचं ते ठरवण्याआधी दिवा कसा पेटलाय ते बघा. सतत पेटलेला असेल आणि गाडी नीट ओढत असेल, तर माल पोचवून मग बघितलं तरी चालतं. लुकलुकत असेल तर नाही. लुकलुकणारा चेक इंजिन म्हणजे सिलिंडरात न जळलेला गॅस सायलेन्सरच्या वाटेत कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे धूर साफ करणाऱ्या डब्यात, जाऊन जळतोय. कन्व्हर्टर तापून वितळला, तर त्या पैशात प्लगचे कितीतरी सेट आले असते. गाडी बाजूला घ्या. ऑइलचा लाल दिवा किंवा टेम्परेचरचा दिवा लागला तर इंजिन लगेच बंद करा, त्याचा प्लगशी संबंध नाही. बॅटरीचा दिवा असेल तर बेल्ट आणि अल्टरनेटर बघा. काम करताना बॅटरीची टर्मिनल काढली होती आणि आता इलेक्ट्रिक स्टिअरिंगचा दिवा लागलाय, असं असेल तर गाडी उभी करून, इंजिन चालू ठेवून स्टिअरिंग एकदा डाव्या टोकापर्यंत, एकदा उजव्या टोकापर्यंत फिरवा. बऱ्याच गाड्यांत तेवढ्यावर भागतं.

आता माझीच चूक सांगतो, कारण पुढचा सगळा हिशोब तिच्यावरच आहे. माझी गाडी नारायणगावहून टोमॅटो घेऊन पुण्याच्या गुलटेकडी मार्केटला येते. गेल्या पावसाळ्यात चारही प्लग मी स्वतः बदलले. त्यातला एक हातातून निसटून फरशीवर पडला. उचलला, गॅप (टोकाशी ठिणगीसाठी ठेवलेली फट) बघितला, बरोबर वाटला, बसवला. दुसऱ्या पहाटे मंचर सोडल्यावर भरल्या गाडीला चढ लागला आणि ती मिसिंग मारायला, म्हणजे झटके द्यायला लागली, दिवा लुकलुकायला लागला. पेट्रोलवर टाकली तर मिसिंग जवळजवळ गेलं. त्याच दिवशी वाटेतल्या एका गॅरेजात स्कॅन मारला. कोड, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदलेला बिघाडाचा नंबर, आला पी ०३०३. "तीन नंबरची कॉइल गेली," मिस्त्री म्हणाला. कॉइल म्हणजे प्लगला ठिणगीची वीज देणारा भाग. नवी कॉइल टाकली, कोड पुसला, पैसे दिले. परतीच्या वाटेवर रिकाम्या गाडीला काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी माल भरला आणि पुन्हा तेच.

शेवटी घरी प्लग काढून उन्हात धरला. पांढऱ्या चिनीमातीवर केसाएवढी तडा होती आणि तिच्यावरून पेन्सिलीने ओढावी तशी काळी रेघ खालच्या लोखंडापर्यंत गेली होती. ठिणगी टोकाला पडण्याऐवजी त्या रेघेवरून बाहेरच पळत होती. पेट्रोलवर चालून गेलं, कारण गॅसच्या मिश्रणात ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागतं, आणि भरल्या गाडीला चढावर त्याहून जास्त. जिथे जोर लागतो तिथेच वीज पळवाट शोधते.

पी ०३०३ चा अर्थ एवढाच, की तीन नंबरच्या सिलिंडरात स्फोट नीट होत नाही. प्लग, कॉइल, वायर की इंधन सोडणारा इंजेक्टर, ते कोड सांगत नाही. हे लक्षात ठेवून तिन्ही दारं बघू.

खिशातला स्कॅनर. ब्लूटूथचा ओबीडी (गाडी स्वतःचे बिघाड नोंदते ती यंत्रणा) अॅडॉप्टर हजाराच्या आत येतो. मी साडेआठशेला घेतला. स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं सॉकेट असतं, त्यात लावायचा आणि मोबाइलवर कोड वाचायचा. आपल्याकडे चारचाकींना ओबीडी-२ बंधनकारक झालं २०१३ च्या एप्रिलमध्ये, त्यामुळे २०२० नंतरच्या बीएस-६ गाडीला हे सॉकेट असतंच. फायदा मोठा आहे: मिस्त्री काही बोलायच्या आधी कोड तुमच्या हातात असतो. पी ०३०० म्हणजे कुठल्याही एका सिलिंडरवर बोट ठेवता येत नाही, पी ०३०१ ते ०३०४ म्हणजे त्या-त्या नंबरचा सिलिंडर, पी ०३५१ पासून पुढचे कॉइलच्या सर्किटचे. पी ०११३ आला तर प्लग-कॉइलकडे बघूच नका. एअर फिल्टरचा पाइप काढताना हवेच्या तापमानाच्या सेन्सरचा कपलर (वायरीचा जोड) सुटलाय आणि तुम्ही तो लावायला विसरलात, बहुतेक तेच. पी ०१७१ म्हणजे इंजिनाला इंधनाच्या मानाने हवा जास्त जातेय. एखादा व्हॅक्यूमचा बारीक पाइप निसटलाय का बघा.

याच्या मर्यादाही आहेत. एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा), स्टिअरिंग यांचे दिवे या स्वस्त यंत्राला बहुधा वाचता येत नाहीत. कंपनीचे स्वतःचे कोड दिसले तरी त्यांचा अर्थ लागत नाही. आणि २४ व्होल्टच्या मोठ्या सीएनजी ट्रकला हे खेळणं लावू नका. सगळ्यात मोठा धोका मात्र यंत्रात नाही, 'कोड पुसा' या बटणात आहे. ते दाबलं की दिव्याबरोबर फ्रीझ फ्रेमही जाते. म्हणजे बिघाड नोंदला गेला त्या क्षणी आरपीएम किती, वेग किती, इंजिन किती तापलं होतं, ही नोंद. आधी स्क्रीनचा फोटो काढा, मग काय पुसायचं ते पुसा.

ओळखीचं गॅरेज. माझं मत विचाराल तर प्लगनंतरच्या चेक इंजिनसाठी हेच दार बरं, पण एका अटीवर: मिस्त्रीने पार्ट बदलण्याआधी अदलाबदल करून दाखवली पाहिजे. प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असेल तर तीन नंबरची कॉइल एकवर आणि एकची तीनवर लावायची, कोड पुसायचा आणि माल भरून एक चक्कर मारायची. कोड ०३०१ झाला तर कॉइल दोषी. ०३०३ च राहिला तर कॉइल निर्दोष, मग तसंच प्लगचं करायचं. याला पैसा लागत नाही, अर्धा तास लागतो. जो मिस्त्री याला कंटाळा करतो तो तुमच्या खिशातून अंदाज लावतो. माझ्याकडे तेच झालं, आणि मीही "अदलाबदल करून बघू का?" असं विचारलं नव्हतं. ज्या गाड्यांत कॉइलपासून प्लगपर्यंत जाड वायरी जातात तिथे दोन वायरींची जागा चुकली तरी इंजिन थरथरत चालतं. तेवढं तर उभ्या उभ्या दिसतं.

छोटा हत्ती गोल्डच्या पेट्रोल-सीएनजी मॉडेलांत दोनच सिलिंडर असतात, ६९४ सीसीचं इंजिन. एक प्लग निकामी झाला की अर्धं इंजिन गेलं, कुठला गेलाय ते स्कॅनरविनाही हाताला कळतं. चार सिलिंडरच्या गाडीत रिकाम्या फेरीला चौथा हिस्सा गेलेला ड्रायव्हरला जाणवतही नाही. तिथे कोडाला किंमत आहे.

गॅरेजात आणखी एक बघा: तो प्लग कसा आवळतो. चौदा एमएमचा प्लग अॅल्युमिनियमच्या हेडमध्ये २५ ते ३० न्यूटन-मीटरला बसतो. टॉर्क रिंच (ठरावीक जोरालाच आवळणारा पाना) नसेल तर नवा वायसरवाला प्लग आधी बोटांनी शेवटपर्यंत फिरवायचा, मग गोटी पान्याने अर्धा फेरा. ताकद लावून आवळला तर हेडचे आटे जातात, ढिला राहिला तर त्यातून दाब निसटतो आणि प्लग तापतो. दोन्हींचा दिवा एकच पेटतो.

कंपनीचं सर्व्हिस सेंटर. गाडी वॉरंटीत असेल तर वाद नाही, इथेच न्या. बाहेर वायरिंगला हात लागलाय असं दिसलं तर क्लेम अडू शकतो. एबीएस, स्टिअरिंग किंवा सीएनजी किटचे कोड असतील तरी इथेच. गॅसच्या प्रेशरच्या लाइनला रस्त्यावर पाना लावू देऊ नका. वॉरंटी संपलेल्या गाडीला मात्र इथे कोडाच्या नावाचा पार्ट बदलून द्यायचा सरळ रस्ता असतो, आणि भाजीच्या सीझनला गाडी दोन दिवस उभी राहिली तर त्याचा हिशोब बिलात दिसत नाही. गाडी द्यायचीच असेल तर फ्रीझ फ्रेमचा फोटो जॉब कार्डाला जोडायला सांगा आणि "गॅसवर मिसिंग, पेट्रोलवर नाही" हे वाक्य तुमच्यासमोर लिहून घ्या. रिकाम्या गाडीची आवारातली चक्कर मारून "सर ओके आहे" म्हणणं सोपं असतं.

या तिन्ही दारांच्या आधी एक काम फुकटात होतं. इंजिन थंड झाल्यावर सीट उचला आणि प्रत्येक कॉइलचा कपलर दाबून 'टक' आवाज येतो का ऐका. अर्धवट बसलेला कपलर बाहेरून बसल्यासारखाच दिसतो. एअर फिल्टरचे क्लिप, पाइप, सेन्सर बघा. प्लग एक-एक काढून चिनीमाती उन्हात फिरवून बघा. पडलेला प्लग तडा दिसो न दिसो, बाजूला ठेवा.

आणि दोष निघाल्यावर दिवा तिथल्या तिथे विझला नाही तर पुन्हा गॅरेजात पळू नका. कोड पुसला नसेल तर सलग तीन फेऱ्या निर्दोष गेल्यावर दिवा आपण होऊन जातो. जुना कोड आत राहतो, तो पुसला जायला इंजिन चाळीस वेळा थंडाचं गरम व्हावं लागतं. माझा तिसऱ्या दिवशी गेला, चाकणच्या ट्रॅफिकमध्ये. तेव्हा गाडीत क्रेट भरलेले होते, म्हणून विश्वास ठेवला.