पर्स ओरिजिनल आहे, लेदर कुठाय?

आधीच सांगते, पर्स नकली नाही. ब्रँडच्याच शोरूममधली, बिल आणि सीरियल नंबरसकट. किंमत 1,48,500 रुपये. 'फर्स्ट कॉपी गळ्यात मारली असेल' म्हणणाऱ्यांनी इथेच थांबावं.

वॉरंटी संपली आणि कोपऱ्यावरचा थर उडाला. खाली दिसली सुती कापडाची वीण! म्हणजे अख्खी बॉडी कोटेड कॅनव्हास, कापडावर पीव्हीसीचा लेप. आपल्याकडे याला रेक्झिन म्हणतात. कातडं फक्त हँडलला आणि काठाच्या पट्टीला, तेही स्प्लिट: कातड्याचा वरचा मजबूत थर काढल्यावर उरलेला भाग, त्यावर पीयूची (पॉलियुरेथेन, एक प्लास्टिक) फिल्म आणि कातड्यासारखे छापलेले दाणे.

'लेदरच ना?' असं मी काउंटरवर विचारलं होतं. उत्तर आलं, 'मॅम, हे आमचं सिग्नेचर मटेरियल आहे.' प्रश्न हो-नाहीचा आणि उत्तर ब्रोशरचं! तिथेच उठायला हवं होतं, हे अजून डोक्यात जातं. पण बिलावर नुसतं 'हँडबॅग', आणि 'कोटेड कॅनव्हास' हे शब्द डस्ट बॅगमधल्या केअर कार्डावर, मुंगीच्या अक्षरात. पैसे भरायच्या आधी ते कार्ड कोण दाखवतं?

युरोपात 1994 च्या नियमामुळे बुटाचा वरचा भाग, अस्तर आणि तळ कशाचा, ते लिहावंच लागतं. पर्सला तो नियम नाही. किमतीचं म्हणाल, तर 2024 मध्ये मिलानच्या न्यायालयात डिऑर या लक्झरी ब्रँडच्या पुरवठादारांचं प्रकरण आलं. दुकानात 2,600 युरोला विकल्या जाणाऱ्या बॅगेच्या जुळणीचे पुरवठादाराला मिळत होते 53 युरो. कातडं वेगळं धरा, तरी हिशेब करा.

मॅग्नेट लावून हार्डवेअर, म्हणजे कड्या-बकल, तपासायचा सल्ला बिनकामाचा आहे. पितळ आणि झमॅक (झिंकचा मिश्रधातू), दोन्हीला मॅग्नेट चिकटत नाही. वजन बघा, पितळ जड लागतं; मुलामा उडाला की खाली पिवळं दिसलं तर पितळ, करडं दिसलं तर झमॅक. पाण्याचा थेंबही काही सांगत नाही, फिनिश केलेलं अस्सल लेदरसुद्धा पाणी पीत नाही. आतल्या टॅबचा, म्हणजे छोट्या पट्टीचा, रंग न दिलेला काठ शोधा: गुंतलेले तंतू दिसले तर कातडं, सरळ उभे-आडवे धागे दिसले तर कापड. बॉडी, हँडल, अस्तर कशाचं, ते बिलावर लिहून मागा. नाही म्हणाले तर उठा. आणि पीयूचं अस्तर असेल तर पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका, दमटपणाने ते चिकट होऊन सुटतं, पर्स न वापरताही.

शोरूमचं म्हणणं, 'नॉर्मल वेअर अँड टेअर'. दुरुस्तीचे 18,400 रुपये मागितले. पोलिस ठाण्यात विचारलं, 'माल डुप्लिकेट आहे का? नाही ना? मग फसवणूक कसली?' एका सरकारी कार्यालयाने एमआरपी आणि आयातदाराचा पत्ता लेबलवर आहे म्हणून हात झटकले, दुसऱ्याने पहिल्याकडे परत पाठवलं. ब्रँड खरा असला की आतल्या मालाबद्दल विचारायची कुणालाच गरज वाटत नाही, उलट 'एवढ्या महागाची घेतलीच कशाला' हे वर ऐकायचं!

उरला ग्राहक आयोग. तक्रारीची मुदत दोन वर्षांची, तेव्हा नुसत्या ईमेलच्या उत्तराची वाट बघत बसू नका. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यातल्या कलम 38 प्रमाणे वस्तू प्रयोगशाळेत तपासून घेता येते. शुल्क तक्रारदाराने भरायचं, आणि थर तपासायचे म्हणजे पर्स कापावी लागणार.