ट्रॅक्टरसाठी गाणी भरून घ्यायची तर : बसस्टँडसमोरचं मोबाइलचं दुकान

दुकानाचं नाव लिहीत नाही. पेनड्राइव्हमध्ये अशी गाणी भरून देणं कायद्यात बसत नाही, एवढं मलाही कळतं. आर्वीकडच्या आमच्या बाजाराच्या गावात उतरून कोणालाही विचारा, दाखवून देईल. पुढे कव्हर, चार्जर, रिचार्ज. मागच्या फळीवर एक जुना कॉम्प्युटर. पेनड्राइव्ह आपला, १६ जीबी भरायचे १५० रुपये.

दुसऱ्या दुकानांत फोल्डर असतात ‘लता’, ‘रफी’, ‘लग्न’, ‘नवीन डीजे’. इथं फोल्डर गीतकाराच्या नावानं. मी २२ किलोमीटर गाडी हाणत येतो ते यासाठीच. आमचे बाबा रेडिओ ऐकताना गायकाच्या आधी गीतकाराचं नाव ओळखायला लावत. चुकलं की चहा उशिरा.

काउंटरला हात टेकला रे टेकला की दुकानदार विचारतो, “काका, एक नंबर गीतकार कोण?” हे भराईच्या पैशातच येतं. तो स्वतः गदिमांचा. त्याचं म्हणणं, १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर पुण्याच्या आकाशवाणीवर दर आठवड्याला गीतरामायणाचं नवं गाणं, अशी ५६ गाणी. “काका, आपली फवारणी तरी होते का वेळेवर?” इथं मी गप्प. पण बाकावर एक रिटायर गुरुजी बसलेले असतात, ते उसळतात, “अमरावतीचे सुरेश भट सोडून पुण्याच्या मागं काऊन लागला बे?” फोन चार्जिंगला लावून उभा असलेला एक पोरगा वामनदादा कर्डकांचं नाव घेतो. मग ४० मिनिटं कशी जातात कळत नाही. कॉपी तेवढाच वेळ घेते, म्हणून बरं.

माझी कसोटी वेगळी आहे. गाणं ट्रॅक्टरवर ऐकायचं. वखरणी चालू असताना इंजिनाच्या आवाजात अर्धे शब्द मरतात. जो गीतकार त्यातून पोचला तो खरा. खेबुडकर पोचतात. ‘ऐरणीच्या देवा’मधली ठिणगी दोनदा येते, एक इंजिनानं खाल्ली तरी दुसरी कानात पडते. सुरेश भट पोचतात याचं मला आधी नवल वाटायचं, इतकं नाजूक लिहिणारा माणूस! मग गुरुजींनी समजावलं, गझलेत ओळीच्या शेवटी तोच शब्द फिरून फिरून येतो, त्याला रदीफ म्हणतात. ‘गात आहे’, ‘रात आहे’. पुढचं बुडालं तरी ‘आहे’ हाती लागतं, आणि त्या धाग्यानं बुडालेली ओळ मागून येते. वामनदादांच्या ‘भीमा तुझ्या मताचे’मध्ये ‘लोक असते’, ‘टोक असते’, तेच. आणि तुकडोजी महाराजांचं ‘या झोपडीत माझ्या’? आमच्या गावी खंजिरीवर पहिली ओळ कधीच नीट ऐकू येत नाही, पण कडव्याच्या शेवटी झोपडी आली की सारा मंडप म्हणतो. तीन माणसं तीन ठिकाणची, गाठ मात्र एकच बांधलेली. हे मी दुकानात मांडलं तर दुकानदार म्हणाला, “काका, मग गदिमांले डिझेलचा वास चालत नाही म्हणा.” म्हणा.

ग्रेसांची गाणी मी ट्रॅक्टरवर लावतच नाही. ती जागलीला, मचाणावर, आवाज बारीक करून. रानडुकरं आली तरी मग उठावं वाटत नाही, हा तोटा धरून.

हिंदीचं भांडण वेगळं. आनंद बक्षीचा फोल्डर सगळ्यात जड, साहिर-शैलेंद्र त्याच्यापुढे हलके, आणि वजनावरून ठरवायचं का यावर दोन चहा होतात. एकदा आमच्या घरच्यांनी फोनवरूनच सुनावलं, “यादीत सारे माणसंच काऊन?” तेव्हा शांता शेळक्यांचा फोल्डर झाला.

आता तक्रारी. एकच गाणं तीन-तीनदा येतं. मध्येच रिमिक्स घुसतं, ते बैलाच्या शिंगाला घुंगरू बांधल्यासारखं कुठूनही वाजतं. वीज गेली की कॉपी पहिल्यापासून, आणि बाजाराच्या दिवशी तर जाऊच नका. सगळ्यात मोठी चूक बहिणाबाईंच्या फोल्डरमध्ये सापडली : ‘काळ्या मातीत मातीत तिफण चालते’. गाणं ‘अरे संसार संसार’ सिनेमातलं, सिनेमाचं नाव बहिणाबाईंच्या ओळीवरचं, म्हणून यानं सरळ त्यांच्या नावावर चढवलं. अहो, ते विठ्ठल वाघांचं! आपल्या वऱ्हाडातल्या माणसाचं! आमच्याकडे पेरणीला अजूनही ‘काया मातीत’ असंच म्हणतात. मी चिडून बोललो. गुरुजींनी माझी बाजू घेतली, आमच्या ओळखीत पहिल्यांदाच.

एक गोष्ट मात्र खटकते. कॉपीराइट कायद्याच्या २०१२च्या दुरुस्तीनं गीतकाराचा रॉयल्टीतला वाटा कायद्यात आला, आणि आम्ही इथं एक नंबर कोण म्हणून घसा फोडतो, त्या १५० रुपयांतला एक पैसा त्यांतल्या कोणाच्या घरी जात नाही. हे मी दुकानात बोललो नाही. पेनड्राइव्ह खिशात होता.

पाचपैकी चार तारे. चूक त्यानं माझ्यासमोरच दुरुस्त केली. ‘विठ्ठल वाघ’ नावाचा नवा फोल्डर केला, आत सध्या एकच गाणं आहे. “बाकीचे तुम्ही आणा काका,” म्हणाला, “भराई फुकट.”