कोरोनेशन एस ब्लेड: पक्के स्क्रू मारायची घाई नको

बर्फावरच्या फिगर स्केटिंगमध्ये सिंगल जंप (हवेत एक गिरकी) बसल्या आणि डबलकडे (दोन गिरक्या) वळायची वेळ आली की शेफील्डच्या जॉन विल्सनचं कोरोनेशन एस हे ब्लेड हमखास सुचवलं जातं. ७ फुटांचा रॉकर (ब्लेडच्या लांबीतल्या बाकाची त्रिज्या), ७/१६ इंचाचा हॉलो (तळाशी कोरलेल्या खाचेची त्रिज्या; या खाचेमुळेच आतली आणि बाहेरची अशा दोन धारा होतात), क्रॉस-कट टो-पिक (पुढच्या टोकाचे दाते). स्पिनसाठी गोड जागा, म्हणजे ब्लेडवर तोल नेमका सावरतो तो बिंदू, पटकन सापडते, पिकची पकड भरवशाची. या बाबतीत तक्रारीला जागा नाही.

मुंबईकराने बघायचं ते प्लेटवरच्या, म्हणजे ब्लेड बुटाच्या तळाला जोडणाऱ्या पत्र्यांवरच्या, भोकांकडे. काही गोल आहेत, काही लांबट. सुरुवातीला स्क्रू फक्त लांबट भोकांत घालायचे, म्हणजे ब्लेड डावी-उजवीकडे थोडं सरकवता येतं. गोल भोकं कायमच्या स्क्रूंसाठी. बूट आणि ब्लेड वेगळं घेतलं तर दुकानदाराला हे आधीच बजावून सांगा, कारण सगळी भोकं एकदम भरली की दुरुस्तीची वाटच बंद होते. ब्लेड बरोबर बसलंय की नाही ते बर्फावरच कळतं, आणि त्यासाठी इथून गुरुग्राम किंवा देहरादून गाठायचं म्हणजे हातात मोजके तास. दोन नंबरचा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर सोबत न्या, पण चेक-इनच्या बॅगेत, केबिनमध्ये अडवतात.

चाचणी सोपी आहे. दोन पायांवर वेग घ्या, गुडघा किंचित वाकवून एका पायावर सरळ सरका. उजव्या पायावर वाट दरवेळी डावीकडे वळत असेल तर वजन आतल्या धारेवर पडतंय. अशा वेळी ब्लेडही आतल्याच बाजूला, म्हणजे अंगठ्याच्या दिशेने सरकवायचं. पुष्कळ जण नेमकं उलटं करतात. पाय जिकडे कलतो तिकडे आधार न्यायचा, हे एकदा डोक्यात बसलं की गोंधळ होत नाही. बाहेरच्या धारेवर ओढ असेल तर बाहेर सरकवा.

पण स्क्रूला हात लावण्याआधी धार तपासा. बूट उलटा धरून ब्लेडवर छोटा गुण्या किंवा स्टीलची पट्टी आडवी ठेवा. एक धार उंच असेल तर पट्टी तिरकी दिसेल. तो दोष धार लावताना झालेला असतो, ब्लेड सरकवून जाणार नाही. घोट्यापाशी मोडलेला बूटही हुबेहूब हीच लक्षणं दाखवतो.

धार समान निघाली तर प्लेटच्या कडेने पेन्सिलने रेघ मारा, म्हणजे मूळ जागा हरवत नाही. स्क्रू पूर्ण काढू नका, जेमतेम सैल करा. आधी टाचेकडचं टोक १ मिमी सरकवा आणि पुन्हा सरकून बघा. फरक अपुरा वाटला तर पुढचं टोकही तेवढंच. एका दमात ३ मिमी सरकवलं की दोष दुसऱ्या बाजूला जातो. आवळताना समोरासमोरचे स्क्रू आलटून पालटून, आणि हातानेच. ड्रिल मशीनने चामड्यातला आटा फाटतो. फाटलाच तर भोकात लाकडी काडी फेविकॉल लावून ठोका, रात्रभर वाळू द्या.

सरकवायची जागा संपली आणि ओढ तशीच राहिली, हे सपाट तळव्यांच्या बाबतीत बरेचदा होतं. मग टाचेच्या प्लेटखाली आतल्या बाजूला चामड्याची पातळ पट्टी घालावी लागते: कडेला साधारण १ मिमी, मधोमध येईपर्यंत निमुळती. असं चामडं धारावीत मिळतं, स्क्रू नागदेवी स्ट्रीटला. सोल उंचसखल असेल तर मात्र आधी तो सपाट करून घ्या, नाहीतर स्क्रू आवळताना ब्लेडलाच पीळ बसतो. टाचेकडून एक डोळा मिटून पाहिलं की पीळ लगेच दिसतो.

या ब्लेडची उणी बाजू म्हणजे गंज. क्रोमचा मुलामा आहे, पण धार उघडं कार्बन स्टील. मुंबईच्या पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या गार्डमध्ये ठेवलं तर तांबूस डाग पडायला वेळ लागत नाही. ब्लेड पुसून कोरडं करा, शिवणयंत्राच्या तेलाचा हात फिरवा, कापडी कव्हर घाला. स्क्रूभोवतीचं चामडंही वाळू द्या. ओलं चामडं स्क्रू सैल सोडतं.

पाच-सहा तास सरावानंतर सगळे स्क्रू एकदा तपासा. दोन्ही पायांवर वाट सरळ जायला लागली की मगच गोल भोकांत कायमचे स्क्रू घाला. त्यांची टोकं आत आली नाहीत ना, हे बुटात हात घालून चाचपून बघा.