दुखण्याच्या गोळीसोबतची ‘गॅसची गोळी’: इंदूरच्या मेडिकलवर मिळणाऱ्यांपैकी खरी कामाची कोणती?

डायक्लोफिनॅक किंवा असेक्लोफिनॅक या दुखण्याच्या गोळ्यांच्या स्ट्रिपसोबत इंदुरात एक ‘गॅसची गोळी’ हातात पडतेच. जठराचं अस्तर ती वाचवेल की नाही, हे ती कोणती आहे आणि किती वाजता घेतली यावर ठरतं.

अस्तरावर चिकट स्रावाचा थर असतो. त्यातल्या बायकार्बोनेटमुळे जठरात पीएच (आम्लतेचं माप, जितका कमी तितकं आम्ल तीव्र) १-२ असतानाही पेशींजवळ तो ७ च्या आसपास राहतो. हा थर प्रोस्टाग्लँडिन या शरीरातच बनणाऱ्या रसायनाच्या जोरावर टिकतो आणि दुखण्याची गोळी नेमकं तेच बनू देत नाही. हा परिणाम रक्तातून होतो. म्हणून गोळी जेवणानंतर घेतली, तिच्याऐवजी इंजेक्शन घेतलं किंवा ॲस्पिरिन ७५ आवरणाची निवडली, तरी धोका संपत नाही.

पॅन्टोप्राझोल ४० (पॅन, पॅन्टोसिड) ही आमची पहिली पसंती. ती आम्ल बनवणाऱ्या पंपांना कायमची चिकटते, पण फक्त चालू असलेल्या पंपांना, आणि पंप चालू होतात खाल्ल्यावर. रक्तात ती जेमतेम दोन-तीन तास टिकते. म्हणून सकाळी आठला पोहे-जिलबी असेल, तर गोळी साडेसातला, अनशापोटी. पोह्यांनंतर घेतली की निम्मी वाया गेली म्हणा. पूर्ण जोर यायला तीन ते पाच दिवस लागतात, त्यामुळे दुखलं त्या दिवशी एक गोळी घेऊन अस्तराला संरक्षण मिळत नाही. गोळी मोडू नका, चघळू नका: वरचं गुळगुळीत आवरण फुटलं की औषध जठरातल्या आम्लातच नासतं.

डीएसआर कॅप्सूल (पॅन्टोप्राझोल आणि डोमपेरिडोन एकत्र) मात्र सवयीने खपते. त्यातलं ३० मिलिग्रॅम डोमपेरिडोन मळमळीसाठी असतं, अस्तरासाठी ते काहीच करत नाही. हृदयाच्या ठोक्यांची तक्रार असणाऱ्याला तर ते धोक्याचं. साधी पॅन्टोप्राझोल मागा.

फॅमोटिडिन रात्रीच्या जळजळीला चांगली, तासाभरात गुण देते. पण रोज घेतली तर काही दिवसांतच असर उतरतो, आणि २० मिलिग्रॅमच्या मात्रेवर जठरातला अल्सर टळेल असा भरवसा नाही. सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊबाजारातून उशिरा परतल्यावर आम्ल शमवणाऱ्या जेलचे दोन चमचे घेणं ठीक. रिकाम्या पोटी त्याचा परिणाम तासभरही टिकत नाही.

सुक्रालफेटबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आहेत. आम्लात ते चिकट लगद्यासारखं होतं आणि जखमेच्या उघड्या जागेवर सुमारे सहा तास बसून राहतं. ठिगळ म्हणून उत्तम. पण दुखण्याच्या गोळीमुळे जठरात होणारी नवी जखम अडवायला त्यावर विसंबू नये. बाटली उभी राहिली की पांढुरका गाळ तळाशी बसतो. न हलवता ओतलं तर सुरुवातीला नुसतं पाणी आणि शेवटी घट्ट औषध मिळतं. १० मिलिलिटरमध्ये १ ग्रॅम असं लिहिलेलं असेल तर टोपीने मोजून, जेवणाआधी तासभर. ते इतर औषधांनाही चिकटतं: सिप्रोफ्लोक्सासिन हे अँटिबायोटिक त्याच्या किमान दोन तास आधी घ्या, थायरॉइडच्या गोळीपासून चार तासांचं अंतर ठेवा. बद्धकोष्ठता होते. त्यात ॲल्युमिनियम असल्याने किडनीच्या रुग्णांनी विचारल्याशिवाय घेऊ नये.

मिसोप्रोस्टॉल थेट प्रोस्टाग्लँडिनची उणीव भरून काढतं, पण जुलाब इतके होतात की बरेच जण मध्येच सोडतात. गरोदरपणात मुळीच नको, गर्भपात होतो.

प्रत्येकाला संरक्षणाची गोळी लागते असं नाही. वय ६५ च्या वर, आधी अल्सर झालेला, किंवा दुखण्याच्या गोळीसोबत रक्त पातळ करणारं औषध अथवा स्टेरॉइड चालू असेल, तर डॉक्टरांना नक्की विचारा. क्लोपिडोग्रेल (रक्ताच्या गुठळ्या रोखणारं औषध) घेणाऱ्यांनी पॅन्टोप्राझोलच्याच जातीची ओमेप्राझोल टाळावी, पॅन्टोप्राझोल चालते. महिनोन्‌महिने घेत असाल तर बी १२ आणि मॅग्नेशियम तपासून घ्या. एकदम बंद केली तर काही काळ आम्ल उसळतं. त्याचा अर्थ ‘गोळीशिवाय आता चालतच नाही’ असा लावू नका. एच. पायलोरी या जठरातल्या जंतूसाठी श्वासाची चाचणी ठरली असेल तर डॉक्टरांना विचारून पॅन्टोप्राझोल दोन आठवडे आधी थांबवावी लागते, नाहीतर जंतू असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येतो.

शी लोहाच्या गोळीनेही काळी होते. पण डांबरासारखी चिकट आणि उग्र वासाची असेल तर तो रक्तस्राव समजा. जेलची बाटली बाजूला ठेवून त्याच रात्री एम. वाय. (महाराजा यशवंतराव हॉस्पिटल) किंवा जवळच्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत पोचा, आणि सोबत दुखण्याच्या गोळीची स्ट्रिप न्या.