आजोबांचं १९५६: नोंद ठेवावी की कथा लिहावी?

खानापूरच्या भाचीचा प्रश्न आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, तेव्हा आजोबा शाळेत होते. त्यांच्या आठवणी जशाच्या तशा उतरवाव्यात, की त्यावर कथा रचावी?

मेहनत नोंदीला जास्त. आजोबा सांगतात, त्या दिवशी पाऊस होता. त्यांची धाकटी बहीण म्हणते, लख्ख ऊन. नोंदीत दोन्ही ठेवायचं, कोण म्हणालं तेही लिहायचं आणि त्या काळचं वर्तमानपत्र मिळालं तर पडताळायचं. कथेत ही कटकट नाही, पाऊस हवा तर पाडावा. पण घरातल्या चार माणसांना एकच सूर येऊ न देणं, हे तिथलं खरं कष्टाचं काम.

खरेपणाच्या बाबतीत मात्र मी कथेला कमी लेखणार नाही. इतिहास घडलेलं सांगतो, काव्य घडू शकेल असं सांगतं, हा फरक अ‍ॅरिस्टॉटलनं केला आणि काव्याला वरचं स्थान दिलं. आजोबांचे वडील त्या रात्री जेवले नाहीत, एवढंच नोंदीत येईल. ताटासमोर बसून त्यांच्या मनात काय चाललं होतं, तिथे कल्पनेशिवाय पोचता येत नाही. फक्त अशी कल्पना पुरावा म्हणून पुढे करू नये. सीमाप्रश्न २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. इथे तारीख चुकली तर लगेच कुणीतरी बोट ठेवतं.

खर्च दोन्हीला नगण्यच.

नातवंडांसाठी, अभ्यासकांसाठी हवं असेल तर नोंद. बेळगाव कधी न पाहिलेल्या वाचकाला ते घर जाणवायला हवं असेल तर कथा. आजोबा थकलेत, म्हणून भाचीनं या महिन्यात नोंदच धरावी.