‘तुम्हाला वकिलातीत जावेच लागणार नाही’ : मुखत्यारपत्राच्या बनावट साक्षांकनाचा अनुभव

दुबई, शारजा, अजमान या भागात राहून महाराष्ट्रातील घराच्या किंवा जमिनीच्या व्यवहारासाठी मुखत्यारपत्र (आपल्या वतीने सही करण्याचा अधिकार दुसऱ्याला देणारा दस्त, म्हणजे पॉवर ऑफ अॅटर्नी) पाठवू पाहणाऱ्यांना एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून ठेवते. भारतीय वकिलातीचे (दूतावासाचे) साक्षांकन, म्हणजे सही खरी असल्याचा अधिकृत शिक्का, तुम्ही प्रत्यक्ष न जाता मिळवून देतो, असे जो म्हणतो तो तुम्हाला बनावट शिक्का विकत असतो. याला अपवाद का नाही, हे पुढे येईलच.

वडिलांच्या निधनानंतर सांगलीतील आमचा फ्लॅट आई, धाकटा भाऊ आणि मी अशा तिघांच्या नावावर झाला. तो विकायचे ठरले. मी सुट्टीवर गेले असताना साठेखतावर (विक्रीच्या करारावर) सही केली आणि इसाराची रक्कमही मिळाली. खरेदीदाराचे बँकेचे कर्ज मंजूर होईपर्यंत माझी सुट्टी संपली होती. म्हणून खरेदीखतावर माझ्या वतीने सही करण्यापुरते आणि ते नोंदवण्यापुरते विशेष मुखत्यारपत्र भावाच्या नावे करून पाठवावे, असे आमच्या वकिलांनी सुचवले व मसुदाही पाठवला. तो छापून घेण्यासाठी मी बर दुबईतील एका टायपिंग सेंटरमध्ये गेले. तेथे बाकावर बसलेल्या एका गृहस्थाने मसुदा पाहून सफाईदार हिंदीत विचारपूस सुरू केली. वकिलातीतील अपॉइंटमेंट लवकर मिळत नाही, दोन साक्षीदार कामाच्या दिवशी रजा टाकून आणावे लागतात, एखादी ओळ चुकली तर परत पाठवतात, हे सगळे त्याने इतक्या आपुलकीने सांगितले की त्यातला बराचसा भाग खरा आहे हेच मला अधिक पटत गेले. मग त्याने तोडगा काढला : पासपोर्ट, व्हिसा आणि एमिरेट्स आयडीच्या प्रती द्या, तीन प्रतींवर सह्या व डाव्या अंगठ्याचे ठसे द्या, साक्षीदार आमचे, बाकी आम्ही पाहतो. मोबदला ९०० दिरहॅम. अधिकृत फी वकिलातीच्या संकेतस्थळावर जाहीर असते आणि ती याच्या जवळपासही नाही. परंतु रजेचे पैसे, टॅक्सी आणि साक्षीदारांची मनधरणी यांचा हिशेब मांडला की ही रक्कम अवाजवी वाटत नाही, आणि ती तशी वाटू नये अशाच बेताने ठरवलेली असते.

हे बोलणे खरे वाटण्यामागे आखाती देशांतील आपली एक जुनी सवय आहे. नोकरीसाठी येताना अनेकांनी आपले पदवी प्रमाणपत्र साक्षांकित करून घेतलेले असते. राज्य शासनाचा विभाग, परराष्ट्र मंत्रालय, यूएईचा दूतावास आणि येथे आल्यावर येथील परराष्ट्र मंत्रालय अशी ती साखळी बहुतेकांनी एजंटामार्फतच पार पाडलेली असते आणि त्यात काही गैर नसते, कारण तेथे तपासला जातो तो कागद. तो खिडकीशी कोणी नेऊन दिला याला महत्त्व नाही. मुखत्यारपत्राचे मात्र उलटे आहे. ही व्यक्ती माझ्यासमोर आली, तिचा मूळ पासपोर्ट मी पाहिला आणि तिने माझ्यासमोर सही केली, एवढेच तो अधिकारी प्रमाणित करत असतो. मसुद्यात लिहिलेले खरे की खोटे, फ्लॅट कोणाचा, किंमत किती, याच्याशी त्याचा काही संबंध नसतो. म्हणजे तुमची हजेरी वगळली तर त्या शिक्क्यात प्रमाणित करण्याजोगे काहीच उरत नाही. एजंटाने आतल्या ओळखीने खरा शिक्का उठवून आणला असे क्षणभर मानले, तरी तो कागद खोटाच ठरेल.

ठरलेल्या दिवशी कागद मिळाला. त्यावर गोल शिक्का होता, नोंदणी क्रमांक होता, अधिकाऱ्याची सही होती, माझे छायाचित्र होते आणि फी भरल्याची पावतीही सोबत होती. मी तो कुरिअरने सांगलीला पाठवला. खरेदीदाराला कर्ज देणाऱ्या बँकेच्या वकिलांनी तो हातात घेतला आणि भावाला विचारले, “तुमच्या ताई गांधी जयंतीच्या दिवशी वकिलातीत गेल्या होत्या का?” साक्षांकनाची तारीख २ ऑक्टोबर होती. प्रजासत्ताक दिन, स्वातंत्र्यदिन आणि गांधी जयंती या तीन दिवशी जगभरातील भारतीय दूतावासांना सुट्टी असते. भारत सरकारच्या नावाने धंदा करणाऱ्याला सरकारच्या सुट्ट्या ठाऊक नसाव्यात, याचे मला आजही नवल वाटते. मग बारकाईने पाहिल्यावर आणखी काही गोष्टी दिसल्या. शिक्का शाईने उठवलेला नव्हता, रंगीत छपाईत आलेला होता. आणि साक्षीदारांची जी नावे होती त्या दोघांना मी कधी पाहिलेलेही नव्हते. कागदाची स्कॅन प्रत मी दुबईतील भारतीय महावाणिज्य दूतावासाला ईमेलने पाठवली. त्या क्रमांकाने असे कोणतेही साक्षांकन झालेले नाही, असे उत्तर आले.

गेलेले पैसे हा या फसवणुकीतला सर्वांत लहान भाग आहे. महाराष्ट्रात मुखत्यार म्हणून दस्त नोंदवताना दुय्यम निबंधकांसमोर एक घोषणापत्र द्यावे लागते. मुखत्यारपत्र लिहून देणारी व्यक्ती हयात आहे, तिने ते रद्द केलेले नाही, ते वैध आहे आणि हे कथन खोटे ठरल्यास नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम ८२ खाली मी शिक्षेस पात्र राहीन, असा त्याचा आशय असतो. या कलमात सात वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. बँकेच्या वकिलांचे लक्ष त्या तारखेकडे गेले नसते, तर या घोषणापत्रावर माझ्या भावाने सही केली असती. पैसे घेऊन शिक्का छापणारा बर दुबईत मोकळा, आणि बनावट दस्त सरकारी कार्यालयात हजर केल्याचा ठपका सांगलीत बसलेल्या, या प्रकाराची गंधवार्ताही नसलेल्या माणसावर, अशी ही रचना आहे. खरेदीदाराच्या मनात आले ते याहून बोचणारे होते. इसार घेऊन झाल्यावर विकणाऱ्या कुटुंबाने खोटा कागद पुढे केला, तेव्हा यांना व्यवहार मोडायचा आहे की फसवायचे आहे, असे त्याने आमच्या आईला स्पष्ट विचारले. त्याला दोष देता येत नाही.

असे शिक्के का खपतात, याचे उत्तर कायद्यात आहे. १९४८ च्या राजनैतिक व वाणिज्य दूत अधिकाऱ्यांविषयीच्या कायद्याने या अधिकाऱ्यांना नोटरीची कामे करण्याचा अधिकार दिला आहे आणि त्यांचा शिक्का व सही असलेला दस्तऐवज वेगळ्या पुराव्याविना ग्राह्य धरला जातो. नोंदणी अधिनियमाचे कलम ३३ तर भारताबाहेर राहणाऱ्याच्या मुखत्यारपत्रासाठी भारतीय वाणिज्य दूताचा स्पष्ट उल्लेख करते. जो शिक्का पाहिल्यावर पुढचे प्रश्न थांबतात, त्याचीच नक्कल करण्यात नफा असतो. याच बाजारात ‘अपोस्टिल करून देतो’ असे सांगणारेही भेटतात. अपोस्टिल म्हणजे हेग करारातील देशांनी एकमेकांच्या कागदांसाठी मान्य केलेले प्रमाणपत्र. अमेरिका किंवा ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांसाठी तो मार्ग खरा आहे, कारण ते देश १९६१ च्या हेग करारात आहेत आणि भारतही २००५ पासून आहे. यूएई त्या करारात नसल्याने येथून दिले जाणारे अपोस्टिल हा निव्वळ छापील कागद आहे.

नंतर मी रीतसर मार्गाने केलेले काम वर्णन करून सांगण्याइतकेही अवघड नव्हते. दुबई, शारजा आणि उत्तरेकडील अमिरातींसाठी दुबईतील महावाणिज्य दूतावास आहे, तर अबुधाबी व अल ऐनमध्ये राहणाऱ्यांसाठी अबुधाबीचा राजदूतावास. अर्ज, अपॉइंटमेंट आणि अधिकृत सेवा केंद्राचा पत्ता यांसाठी दूतावासाच्या संकेतस्थळावरील दुव्यावरूनच जावे. शोधयंत्रात वर येणारी जाहिरात किंवा समाजमाध्यमावरचे मदत केंद्र वापरू नये. २०२१ मध्ये अबुधाबीच्या राजदूतावासाला आपल्या नावाने चालवल्या जाणाऱ्या बनावट ट्विटर खात्याविषयी लोकांना सावध करावे लागले होते. मुखत्यारपत्रावर आधी सही करून नेऊ नये. ती अधिकाऱ्यासमोरच करायची असते. मूळ पासपोर्ट आणि ओळखीचे दोन साक्षीदार त्यांच्या ओळखपत्रांसह सोबत हवेत. माझ्याबरोबर शेजारच्या सोलापूरच्या काकू आणि त्यांचे यजमान आले, आणि ज्या मनधरणीची मला एवढी धास्ती घातली गेली होती ती एका फोनवर आटोपली. खरा कागद भारतात पोहोचल्यावर त्यावरील मुद्रांक शुल्क तीन महिन्यांच्या आत भरून घ्यावे लागते. भाऊ, बहीण, आई-वडील, पती-पत्नी अशा जवळच्या नातलगाला मोबदल्याशिवाय मुखत्यारपत्र दिले असेल तर हे शुल्क ५०० रुपये इतकेच आहे. तिऱ्हाईताला मालमत्ता विकण्याचा अधिकार दिला तर मात्र खरेदीखताइतके लागते. तेव्हा भारतातील ‘आमचा माणूस’ मुखत्यार म्हणून सुचवणाऱ्या एजंटापासून दुप्पट सावध राहावे.

आमचे खरेदीखत उशिरा का होईना, झाले. त्या गृहस्थाचा फोन बंद आहे, टायपिंग सेंटरचा मालक त्याला ओळखत नाही असे सांगतो आणि पोलिसांतील तक्रारीवर अजून काही निष्पन्न झालेले नाही. माझी सही आणि अंगठा असलेल्या तीन प्रतींपैकी दोन त्याच्याकडेच राहिल्या, ही काळजी खरेदीखत होईपर्यंत होती. त्या काळात आमच्या वकिलांनी सांगलीच्या वर्तमानपत्रात जाहीर नोटीस दिली आणि दुय्यम निबंधकांना लेखी कळवले. शहरात अशी कार्यालये एकाहून अधिक असतील तर प्रत्येक ठिकाणी पत्र द्यावे लागते, शिवाय केवळ पत्रामुळे नोंदणी थांबेल असे धरून चालता येत नाही. म्हणून भाऊ नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर आमच्या मिळकतीची ‘सूची दोन’ (इंडेक्स टू, म्हणजे नोंदवलेल्या दस्तांचा गोषवारा) अधूनमधून पाहत असे. ही सोय मोफत आहे.

ज्यांनी अशा माणसाकडून कागद करून घेतला आहे आणि तो अजून वापरलेला नाही, त्यांनी तो मुखत्याराला नोंदणी कार्यालयात नेऊ देऊ नये. स्कॅन प्रत दूतावासाला पाठवून क्रमांकाची खातरजमा करावी. उत्तर न मिळाल्यास परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. मूळ कागद रागाने फाडू नये, कारण पोलिसांना दाखवण्यासारखा पुरावा तेवढाच असतो. आणि ज्यांचा दस्त अशा कागदावर नोंदवूनही झाला आहे, त्यांनी दिवाणी न्यायालयात काम करणाऱ्या वकिलांना तो लगेच दाखवावा, कारण घोषणापत्रावर सही मुखत्याराची आहे आणि पहिली नोटीस त्यालाच येईल.