आर/क्यूटीएल: फुकट आहे, पण लाड करत नाही

तीन हंगाम ज्वारीच्या कणसांना पिशव्या बांधल्या, दाणे मोजले, आणि मग आर या संगणकभाषेतलं हे जनुकांच्या जागा शोधायचं पॅकेज उघडलं. शंभर दाण्यांचं वजन वाढवणारी जनुकं ज्वारीच्या 10 गुणसूत्रांवर कुठे बसलीत, एवढंच शोधायचं होतं. एक पालक मालदांडी, दुसरा बारीक दाण्याचा.

पहिल्याच दिवशी तोंडघशी पडले. आमच्या ओळी म्हणजे या दोघांच्या संकरातून निघालेल्या, स्वफलनाने पिढ्यान्‌पिढ्या पुढे नेलेल्या; त्यांना आरआयएल म्हणतात. मी फाइल बॅकक्रॉस (संकराचा पुन्हा एका पालकाशी संकर) म्हणून वाचली आणि तिला आरआयएल करणारी एक कमांड राहून गेली. गुणसूत्रांचा नकाशा दुपटीच्या आसपास फुगला. इतक्या पिढ्यांतली गुणसूत्रांची अदलाबदल त्याने एकाच पिढीच्या खात्यात मांडली होती. याबद्दल हू की चू नाही! एक तारा इथेच कापला.

उलट दोन मार्करांची (गुणसूत्रावरच्या खुणांची) कोणता तुकडा कोणत्या पालकाचा ते सांगणारी अक्षरं प्रयोगशाळेकडून उलटी आली होती, ते मात्र याने लगेच पकडलं. मार्करांच्या जोड्यांचं पुनर्संयोजन (दोघांमध्ये अदलाबदल झालेल्या ओळींचं प्रमाण) 0.5 या मर्यादेच्या वर गेल्याबरोबर सूचना आली. मी ती फाइल आठवडाभर डोळे फोडून तपासली होती.

खरी मजा पर्म्युटेशनमध्ये, म्हणजे निव्वळ योगायोगाने काय दिसू शकतं ते तपासण्यात. वजनं ओळींमध्ये पत्त्यांसारखी पिसायची, मार्कर जागच्या जागी, आणि प्रत्येक वेळी सगळ्या गुणसूत्रांवरचा सर्वांत मोठा लॉड (तिथे जनुक असल्याच्या पुराव्याचा आकडा) टिपायचा. असं 1000 वेळा. चर्चिल आणि डोर्गे यांची ही 1994 ची युक्ती, आणि त्यातले चर्चिल या पॅकेजच्या कर्त्यांपैकीच एक. सर म्हणत होते, ‘‘अगं, लॉड 3 च्या वर गेला की झालं.’’ आमच्या विदेसाठी पाच टक्क्यांची रेघ, म्हणजे पिसलेल्या फेऱ्यांपैकी पाचच टक्के जिच्या वर जातात ती, 3.3 वर आली. लॉडच्या आलेखातल्या माझ्या तीन टेकड्यांपैकी (‘पीक’ म्हटलं की शेतातल्या पिकाशी घोळ होतो) दोन तिच्याखाली गेल्या. त्या दिवशी मेसमध्ये जेवले नाही.

वेगाची तक्रार नाही. हेली-नॉट रिग्रेशन ही झटपट, अंदाजी पद्धत निवडली तर हजार फेऱ्या चहा होईस्तोवर संपतात. लँडर-बॉटस्टाइन यांची 1989 ची मूळ पद्धत जास्त वेळ खाते, पण मार्कर विरळ असतील तर तीच घ्या. माउसने क्लिक करून काम होईल म्हणाल, तर नाही. सगळं टाइप करायचं.

उरलेली टेकडी बसकी आहे. माथ्यापासून दीड लॉड खाली उतरलं की 20 सेंटिमॉर्गनांहून (गुणसूत्राच्या नकाशावरचं अंतराचं माप) रुंद पट्टा, आणि त्यात जनुकं शेकड्यांनी. तो दोष पॅकेजचा नाही, माझ्याकडे ओळीच कमी. सप्टेंबरात आणखी पेरतेय. पिशव्यांची ऑर्डर दिली आहे.